सिव्हिल पाडण्याआधी, बांधताना आणि उघडल्यावर: नागरिकांनी ठेवायची फाईल

जुनं सिव्हिल पाडून तिथे बहुमजली रुग्णालय उभं राहणार, अशी बातमी आली की चर्चा दोनच आकड्यांभोवती फिरते: खाटा किती आणि कोटी किती. रोज त्या दवाखान्याची पायरी चढणाऱ्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. काम चालू असताना बाळंतपणाला कुठे जायचं? डायलिसिस कुठे मिळणार? आणि इमारत झाल्यावर ती चालवायला डॉक्टर आणि परिचारिका कुठून येणार? या प्रश्नांची उत्तरं कागदावर असतात, किंवा असायला हवीत. ते कागद कुठे सापडतात, कसे वाचायचे आणि जागेवर जाऊन काय मोजायचं, ते इथे दिलं आहे. कायदे आणि कार्यालयं महाराष्ट्रातली आहेत.

आधी रुग्णालय कुणाचं ते ठरवा

बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर जातात म्हणून रखडतात. ‘सरकारी दवाखाना’ हा शब्द लोकांसाठी एक असला तरी सरकारात त्याला अनेक मालक आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणून जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, म्हणून जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजेच लोकांच्या तोंडचे सिव्हिल सर्जन. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे अधिष्ठाता. महापालिकेचं असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग. विमा कामगारांचं असेल तर राज्य कामगार विमा योजना.

एकाच शहरात हे कसं बदलतं ते पुण्यात दिसतं. ससून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्यामुळे तिथला कारभार अधिष्ठात्यांकडे. जिल्हा रुग्णालय औंधला आहे आणि तिथे जिल्हा शल्यचिकित्सक बसतात. ससूनचा प्रश्न औंधला विचारला तर अर्ज फिरत राहतो.

हा फरक रुग्णाच्या खिशालाही लागतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. म्हणून तुमच्या जिल्हा रुग्णालयाला नवं वैद्यकीय महाविद्यालय जोडलं जाणार असेल, तर हस्तांतरणानंतर केसपेपरचं, एक्स-रेचं आणि रक्ततपासणीचं शुल्क काय राहणार हे लेखी विचारा. बांधकामाच्या धामधुमीत हा प्रश्न कुणालाच सुचत नाही, आणि मग पहिल्या दिवशी खिडकीवर रांगेत वाद होतात.

इमारत बांधणारं खातं पुन्हा वेगळं. राज्य सरकारच्या रुग्णालयाचं बांधकाम बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. त्यामुळे नकाशे, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंदवही) आणि ठेकेदाराची देयकं कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात असतात. सिव्हिल सर्जनकडे मागितली तर ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं.

इतिहास: कोनशिलेपासून सुरुवात

इतिहास हौसेपुरता शोधायचा नसतो. देणगी कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि जमीन कुणाच्या नावावर आहे, यावर पुनर्विकासात काय करता येईल आणि काय नाही ते ठरतं. मुंबईचं जे. जे. रुग्णालय जमशेटजी जीजीभॉय यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून उभं राहिलं आणि १८४५ मध्ये सुरू झालं. कामा रुग्णालय १८८६ चं. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी ते बायका आणि मुलांसाठी दिलं आणि तिथे बायकांवर उपचार करायला स्त्री डॉक्टरच असाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. परळच्या केईएमला जोडलेल्या महाविद्यालयासाठी गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसे दिले, ते शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत या अटीवर. केईएम १९२६ मध्ये सुरू झालं. अशी एखादी अट तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यालाही असू शकते: एखादा कक्ष क्षयरुग्णांसाठी, एखादी इमारत केवळ प्रसूतीसाठी, बाजूची धर्मशाळा नातेवाइकांसाठी. इमारत पाडताना सगळ्यात आधी धर्मशाळा गायब होते आणि नातेवाईक फुटपाथवर येतात.

कोनशिला वाचायची तर भर दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, किंवा हातातली बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश पाडा. झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात. खडू, पीठ किंवा चुना चोळू नका. मऊ दगडात तो शिरून बसतो. पातळ कागद लावून वर पेन्सिल आडवी फिरवली की ठसा मिळतो. रंगाचे थर चढले असतील तर खरवडू नका, तसाच फोटो घ्या आणि मोजपट्टी शेजारी ठेवा.

सालाकडे नीट बघा. मराठी कोनशिलेवर शके असेल तर ७८ मिळवा, आणि महिना जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीचा असेल तर ७९. गुजराती कोनशिलेवर संवत असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते दिवाळीपर्यंतचा महिना असेल तर ५६. पारशी देणगीदारांच्या शिलेवर यझदेगर्दी सन असतो, त्यात ६३० किंवा ६३१ मिळवावे लागतात. एक वर्ष चुकलं की दप्तरखान्यात भलताच खंड हाती येतो. शिवाय पायाभरणीचं वर्ष आणि उद्घाटनाचं वर्ष वेगळं असतं, दोन्ही टिपा.

त्यानंतर जुनी गॅझेटियरं. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरं जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली १८७० च्या दशकापासून निघाली. त्यांत आरोग्याच्या प्रकरणात त्या काळचे दवाखाने, वर्षाला आलेले रुग्ण, कोणत्या आजारांचे रुग्ण आणि झालेला खर्च, असे तपशील तालुकावार सापडतात. नंतरच्या राज्य सरकारच्या आवृत्त्याही पाहा. दोन्ही शेजारी ठेवल्या की दवाखाना कधी मोठा झाला ते कळतं.

त्यापुढे मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. पुण्यात, कोल्हापुरात आणि नागपुरातही दप्तरं आहेत. जुन्या मुंबई सरकारात दवाखान्यांचा पत्रव्यवहार जनरल डिपार्टमेंटकडे असे, म्हणून शोध तिथून सुरू करा. ओळखपत्र आणि विनंतीपत्र न्या, शाईचं पेन बाहेर ठेवा, पेन्सिलीने टिपणं घ्या. प्रत्येक टिपणावर विभाग, वर्ष, खंड क्रमांक आणि पान क्रमांक लिहा. हे राहिलं तर नंतर प्रमाणित प्रत मागता येत नाही.

शोध लागत नाही तेव्हा नाव बदललेलं असण्याची शक्यता मोठी. कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या कागदांत आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून येतं. नागपूरकर आजही ज्याला मेयो म्हणतात, त्याचं सरकारी नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. जुनं नाव, इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार आणि गावाचं तेव्हाचं नाव, तिन्ही घेऊन बसा.

जमिनीचा कागद मात्र दप्तरखान्यात शोधत बसू नका. शहरात असाल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, खेड्यात सातबारा. चार गोष्टी बघा: धारकाचं नाव, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे), क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि फेरफारांचे क्रमांक. फेरफार क्रमांक सापडला की तो उतारा स्वतंत्र मागवा. जमीन कुठून आली, का आली, हे त्यात लिहिलेलं असतं. धारक म्हणून एखाद्या ट्रस्टचं नाव असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून त्या ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्त आणि मालमत्तांच्या नोंदीचा, उतारा काढा. शेवटी विकास आराखड्यात त्या भूखंडावर कोणतं आरक्षण आहे ते नगररचना विभागाकडून लेखी घ्या. मालमत्ता पत्रकावरचं क्षेत्रफळ आणि नव्या नकाशावरचं क्षेत्रफळ यांत तफावत असेल, तर आवाराचा एखादा तुकडा रस्ता रुंदीकरणात किंवा दुसऱ्या खात्याकडे गेला आहे. कधी आणि कोणत्या आदेशाने, ते विचारा.

‘धोकादायक’ हा शब्द तपासून घ्या

पाडकामाचं कारण बहुतेक वेळा संरचनात्मक तपासणीचा अहवाल असतो. अहवालात वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे माणसं आत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२अ असूनही भाषणांत ‘पाडावीच लागेल’ असं बोललं जातं, तेव्हा अहवालाची प्रतच हातात हवी.

अहवालात हातोडा चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, काँक्रीटचे गाभे काढून केलेली चाचणी यांचे निकाल असतात. या चाचण्या सळईच्या काँक्रीटसाठी आहेत. इमारत दगडी, चुन्यात बांधलेली, भिंतींवर भार घेणारी असेल, तर हातोड्याच्या आकड्यांवरून तिला धोकादायक ठरवता येत नाही. तिथे जतनाचं काम जाणणारा अभियंता लागतो. अशा इमारतींत ओल बहुधा पाया खचल्यामुळे येत नाही. कुणीतरी चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो, भिंतीतला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट उतरवून पुन्हा चुना दिला की अनेक भिंती सुधारतात.

वारसा यादीत नाव आहे का तेही आधीच बघा. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे, आणि यादीतल्या इमारतीला हात लावायला वारसा समितीची परवानगी लागते. जुनी इमारत राखून रुग्णसेवा दुसरीकडे नेण्याचं उदाहरण गोव्यात आहे. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेली वैद्यकीय शाळा पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाली, रुग्णालय बांबोळीला गेलं आणि मांडवीकाठची जुनी इमारत उभी राहिली. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी ती वापरात आहे.

मंजुरीची साखळी आणि ती नेमकी कुठे तुटते

क्रम असा असतो: प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, बांधकाम, अग्निशमन विभागाचा दाखला, भोगवटा (इमारत वापरण्याचा दाखला), हस्तांतरण. प्रशासकीय मान्यता शासन निर्णयाच्या रूपात निघते आणि सरकारच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार शोधता येते. निर्णय वाचताना पहिला परिच्छेद सोडून खर्चाच्या तक्त्याकडे जा. त्यात फर्निचर, वैद्यकीय वायूची नळयंत्रणा, लिफ्ट, सांडपाणी प्रक्रिया, अग्निशमन या ओळी आहेत का? नसतील तर इमारत पूर्ण होऊनही वापरता येणार नाही, आणि त्या ओळींसाठी पुन्हा ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घ्यावी लागेल. ‘सुधारित’ शब्द दिसला की आधीचा निर्णयही काढा आणि रक्कम आणि मुदत दोन्ही शेजारी लिहा.

या साखळीत जी कडी कुणी मोजत नाही ती म्हणजे पदनिर्मिती. इमारतीचे पैसे एका वाटेने येतात आणि पगाराची पदं दुसऱ्या वाटेने, वित्त विभागाच्या संमतीनंतर. शंभर खाटा वाढल्या पण आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, जुनाच राहिला, तर त्याच परिचारिका दुप्पट मजल्यांवर धावतात, किंवा वरचे मजले कुलूपबंद राहतात. फीत कापून वर्षं झाली तरी काचांवर ठेकेदाराची निळी पट्टी तशीच असते. म्हणून पाया खणला जातो त्याच महिन्यात विचारा: वाढीव खाटांसाठी पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने गेला? उत्तर ‘अद्याप नाही’ असेल, तर ते उत्तर घेऊन आमदारांकडे आणि पालकमंत्र्यांकडे जायला तुमच्याकडे पूर्ण बांधकामाचा काळ असतो. इमारत झाल्यावर तो काळ उरत नाही. ‘मंजूर खाटा’, ‘कार्यरत खाटा’ आणि ‘प्रस्तावित खाटा’ हे तीन वेगळे आकडे आहेत. बातमीत बहुधा तिसरा येतो.

रुग्णालय खासगी भागीदारीतून होणार असेल तर करारनामा मागा. त्यात मुदत किती वर्षांची, निःशुल्क खाटा किती, उरलेल्या खाटांचे दर कोण ठरवणार, आणि कर्मचारी कुणाचे, ही कलमं आधी वाचा.

स्थलांतर: इथेच माणसं भरडली जातात

ठाण्याचं विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय ३३६ खाटांचं होतं. ते पाडून ९०० खाटांचं उभारायचं ठरलं तेव्हा सेवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आल्या. शहरात सरकारी जागा असली की असं करता येतं. बऱ्याच तालुक्यांत अशी जागा नसते, आणि मग विभाग तीन ठिकाणी विखुरतात: बाह्यरुग्ण एकीकडे, प्रसूती दुसरीकडे, प्रयोगशाळा तिसरीकडे.

साधी वही घ्या आणि प्रत्येक विभागासाठी एक पान करा. पानावर आधीच्या खाटा, तात्पुरती जागा, तिथल्या खाटा, हलवल्याची तारीख, जुन्या जागेपासूनचं अंतर आणि शेवटच्या बसची वेळ लिहा. नवजात शिशू कक्ष आणि प्रसूतिगृह एकाच छताखाली आहेत का? शस्त्रक्रियागृहापासून रक्तकेंद्र किती मिनिटांवर आहे? शवविच्छेदन कुठे होणार? १०८ च्या रुग्णवाहिकेच्या चालकांना नवा पत्ता आणि रात्रीचं प्रवेशद्वार कळवलं आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण रात्री दोन वाजता बंद फाटकासमोर गाडी उभी राहते तेव्हा त्याचं मोल कळतं.

यंत्र हललं म्हणजे सेवा हलली, असं होत नाही. काही परवाने पत्त्याला बांधलेले असतात. रक्तकेंद्राचा परवाना विशिष्ट जागेसाठी असतो, त्यामुळे नव्या जागेची तपासणी अन्न आणि औषध प्रशासनाकडून व्हावी लागते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते, कारण भिंतीची जाडी आणि दाराचं शिसं त्या खोलीपुरतं तपासलेलं असतं. सोनोग्राफीचं यंत्र गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली त्या पत्त्यावर नोंदलेलं असतं आणि समुचित प्राधिकाऱ्याला कळवल्याशिवाय हलवता येत नाही. द्रव प्राणवायूच्या टाकीला स्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी लागते. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. हे अर्ज हलवण्याच्या दिवशी केले तर यंत्र महिनोन्महिने प्लास्टिकखाली राहतं आणि गरोदर बाईला बाहेर पैसे मोजून सोनोग्राफी करावी लागते. हलवण्याच्या तारखेआधी किमान तीन महिने हे अर्ज गेले आहेत का, ते विचारा.

जुने कागदही याच काळात मरतात. पावसाळ्यात व्हरांड्यात ठेवलेली जन्मनोंदीची आणि आंतररुग्णांची बाडं चार दिवसांत लगदा होतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे सरकारी अभिलेख मनाला येईल तसे नष्ट करता येत नाहीत. अभिलेखकक्षाची यादी, कोणती बाडं ‘अ’ वर्गातली म्हणजे कायमची, आणि ती कुठे हलवली, याची नोंद मागा. जुन्या नोंदवह्या पुराभिलेखागाराकडे सोपवण्याची विनंती लेखी करा. कोनशिला, तैलचित्रं, देणगीदारांचे फलक यांची फोटोंसह यादी पाडकामाच्या पंचनाम्याला जोडायला लावा. नाहीतर संगमरवरी फलक डबराच्या गाडीतून जातो.

मोजपट्टी घेऊन जा

रुग्णाच्या खाटा जातात तो मार्ग किमान २.४ मीटर रुंद हवा. मोजताना भिंत ते भिंत मोजू नका. खुर्च्या, अग्निशामक पेट्या आणि वातानुकूलनाच्या नळ्या सोडून जो मोकळा भाग उरतो तो मोजा. उतारमार्ग १:१२ पेक्षा उभा नको. म्हणजे मजल्याची उंची ३.६ मीटर असेल तर उताराची लांबी ४३.२ मीटर हवी, त्यात मधले सपाट टप्पे वेगळे. नकाशात यापेक्षा कमी जागा दाखवली असेल तर तो उतार चाकाच्या खुर्चीला जमणार नाही, घसरगुंडी होईल. लिफ्टमध्ये ट्रॉली, सलाइनचा स्टँड आणि दोन माणसं मावायला हवीत. आतली लांबी २.४ मीटरच्या आसपास नसेल तर ट्रॉली तिरकी घालावी लागते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. शंभरपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाला भारतीय मानकाप्रमाणे दर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी धरतात, शंभर खाटांपर्यंत ३४० लिटर. ३०० खाटा म्हणजे रोज १,३५,००० लिटर. हा आकडा नगरपालिकेच्या नळजोडणीशी आणि टाकीच्या क्षमतेशी ताडून बघा. उन्हाळ्यात शहरालाच दिवसाआड पाणी असेल, तर टाकी किमान दोन दिवसांची हवी. अंदाजपत्रकात टाकी पहिल्यांदा लहान केली जाते, कारण ती जमिनीखाली असते आणि कुणाला दिसत नाही.

काँक्रीटच्या दर्जासाठी ठोकळ्यांचे अहवाल मागा. १५ सेंटिमीटरचे घन ठोकळे ओतून २८ दिवसांनी दाबून बघतात. मानकाप्रमाणे ३० घनमीटरचा स्लॅब असेल तर किमान तीन नमुने, म्हणजे नऊ ठोकळे. अहवालावर ओतल्याची तारीख, मजला आणि चाचणीची तारीख पाहा. सगळ्या मजल्यांचे आकडे जवळजवळ सारखेच असतील तर शंका घ्या. खऱ्या कामात ठोकळ्यांच्या ताकदीत चढउतार असतोच.

विजेबद्दल एक जुनी गोष्ट ससूनमधलीच आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री तिथे कर्नल मॅडॉक गांधीजींचं आंत्रपुच्छाचं ऑपरेशन करत असताना वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. नव्या इमारतीत जनित्र आहे का, एवढंच विचारून भागत नाही. वीज गेल्यावर ते आपोआप किती सेकंदांत सुरू होतं, त्यावर शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता, नवजात शिशू कक्ष आणि लिफ्ट हे सगळं जोडलेलं आहे का, आणि भार देऊन चाचणी घेतल्याची नोंदवही आहे का, ते बघा. भार न देता जनित्र पाच मिनिटं फिरवणं ही चाचणी नव्हे.

आगीबाबत तर जराही ढिलाई नको. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. शेवटची दोन प्रमाणपत्रं मागा. तात्पुरत्या जागेसाठीही मागा. स्थलांतराच्या शेडमध्ये जोडण्या ओढलेल्या असतात आणि धोका तिथेच जास्त असतो. आपत्कालीन दाराला कुलूप किंवा साखळी दिसली तर तारीख-वेळेसह फोटो काढून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. फोटोत रुग्णांचे चेहरे येऊ देऊ नका.

माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. प्रतीचे पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

‘का’ विचारू नका, कागद मागा. ‘काम का रखडलं?’ याला ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. तेच असं मागा:

*विषय: जिल्हा रुग्णालयाच्या नवीन इमारतीच्या बांधकामाबाबत. कालावधी: कार्यारंभ आदेशाच्या तारखेपासून आजपर्यंत.*
*१. कार्यारंभ आदेशाची प्रत.*
*२. मुदतवाढ दिली असल्यास प्रत्येक मुदतवाढीच्या आदेशाची आणि ठेकेदाराच्या मागणीपत्राची प्रत.*
*३. आतापर्यंत अदा केलेल्या देयकांची तारीख आणि रक्कम दर्शवणारी यादी.*
*४. मंजूर नकाशातील बदलांच्या आदेशांची प्रत.*
*५. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणी अहवालांची प्रत.*
*माहिती व्यक्तिशः घेणार आहे. प्रती मागण्यापूर्वी अभिलेखांची पाहणी करू इच्छितो.*

शेवटची ओळ महत्त्वाची. पाहणी केली की हजार पानांतून हवी ती चाळीस पानं निवडता येतात. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहणीसाठी खुले ठेवण्याची सूचना राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेली आहे. जाताना तिची प्रत खिशात ठेवा. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. वाळू किंवा गिलाव्याबद्दल शंका असेल तर तो वापरा.

पदनिर्मितीसाठी, परवान्यांसाठी आणि अग्निसुरक्षेसाठी वेगवेगळे अर्ज करा. एकाच अर्जात सगळं कोंबलं की एका मुद्द्यावरून अख्खा अर्ज परत येतो. रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्तंही मागून घ्या. स्थलांतरात कोणत्या अडचणी आल्या आणि कोणी त्या मांडल्या, हे त्यांतच सापडतं.

ताबा घेतल्यानंतरचं पहिलं वर्ष

हस्तांतरणाच्या दिवसापासून दोष दायित्वाचा कालावधी सुरू होतो. तो किती, हे निविदेच्या अटींत लिहिलेलं असतं. त्या काळात गळती, तडे, सुटलेल्या फरशा ठेकेदाराने स्वखर्चाने नीट करून द्यायच्या असतात. पहिला पावसाळा ही खरी परीक्षा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गच्चीखालचा मजला, शौचालयांच्या खालची छतं, लिफ्टचा खड्डा आणि तळघर बघून या. शस्त्रक्रियागृहाच्या छताला ओल दिसली तर ती रंग लावून झाकू देऊ नका. बुरशी वाढते आणि शस्त्रक्रियागृह बंद ठेवावं लागतं. प्रत्येक गळतीचा फोटो, मजला, खोली क्रमांक आणि तारीख लिहून अधीक्षक आणि कार्यकारी अभियंता दोघांनाही एकाच दिवशी पत्र द्या. अधीक्षकांनी बांधकाम विभागाला कळवलं की नाही यावर अवलंबून राहू नका. कालावधी संपायच्या दोन महिने आधी पुन्हा एक फेरी मारा, उरलेल्या दोषांची यादी द्या आणि ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करण्याआधी ते दुरुस्त झाल्याचा संयुक्त पाहणी अहवाल मागा.